फोमच्या विमानाचा वजनाचा हिशेब

जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने हातातील ट्रान्समीटरवरून, म्हणजे रेडिओ संदेश पाठवणाऱ्या यंत्रावरून, चालवलेल्या लहान विमानाला रेडिओ-नियंत्रित विमान म्हणतात. अशी विमाने पूर्वी बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा करून आणि त्यावर पातळ कागद ताणून बनवली जात, आणि महिना-दोन महिने खपून तयार केलेले विमान पहिल्याच आपटीत काड्यापेटीतल्या काड्यांसारखे विखुरले की अनेकांचा हा छंद तिथेच सुटे. फोमने, म्हणजे पोटात हवेच्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या असलेल्या प्लास्टिकने, ही अडचण बरीचशी दूर केली. फोमचे विमान एका रविवारी कापून-चिकटवून होते, पडले तर बहुधा दोन-तीन तुकड्यांतच मोडते आणि ते तुकडे मैदानावरच पुन्हा जोडता येतात. मात्र या सोयीमुळे एक गैरसमजही पसरला आहे. फोम मुळातच हलका असल्यामुळे वजनाकडे लक्ष देण्याचे कारण नाही, असे नवशिक्याला वाटते, आणि पहिली विमाने पडतात ती बहुतेक याच समजुतीपायी.

वजनाचा प्रश्न किती निर्णायक आहे हे एका ठरावीक विमानाच्या हिशेबावरून समजते. सरावासाठी १००० मिलिमीटर लांबीचा आणि २०० मिलिमीटर रुंदीचा आयताकृती पंख धरावा. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या या रुंदीला जीवा म्हणतात. अशा पंखाचे क्षेत्रफळ २० चौरस डेसिमीटर भरते. विमानाचे बॅटरीसह एकूण वजन ६०० ग्रॅम असेल तर दर चौरस डेसिमीटरवर ३० ग्रॅम भार येतो, आणि या भाराला पंखभार असे नाव आहे. पंख हवेत विमान पेलू शकतो तो एका किमान वेगापर्यंत. त्याखाली वेग उतरला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते, उचलणारे बल एकाएकी घटते आणि विमान नाक किंवा एक पंख टाकून खाली येते. या अवस्थेला स्टॉल म्हणतात. वरील विमानाचा स्टॉलचा वेग ढोबळ मानाने ताशी २६ किलोमीटर येतो, म्हणजे वेगाने धावणाऱ्या माणसाइतका. याच विमानात जादा गोंद, जादा टेप, रंग आणि मोठी बॅटरी यांची भर पडून वजन ८०० ग्रॅम झाले तर तो वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत चढतो. चार किलोमीटरचा फरक किरकोळ वाटतो खरा, परंतु आपटीतील ऊर्जा वजनाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे वजन एक तृतीयांशाने वाढले असता उतरतानाच्या धडकेची ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. मजबुतीसाठी घातलेला माल अशा रीतीने विमान अधिक जोराने आपटण्यास कारण ठरतो.

फोमची निवड करताना दुकानातल्या नावावर विसंबू नये. घरोघरी थर्माकोल म्हणून ओळखला जाणारा पांढरा पदार्थ म्हणजे फुगवलेल्या पॉलिस्टायरीनच्या मण्यांची वडी. तो स्वस्त आणि हलका असतो, परंतु पातळ पट्टीत कापला की मण्यांच्या सांध्यावर तुटतो, म्हणून तो जाड पंख तापवलेल्या तारेने कापण्यास उपयोगी पडतो, आणि ते काम धूर निघत असल्याने मोकळ्या हवेत करावे लागते. डेप्रॉन हा पॉलिस्टायरीनचाच, पण मणी नसलेला, सलग आणि गुळगुळीत तक्ता असून ३ व ६ मिलिमीटर जाडीत मिळतो. ईपीपी, म्हणजे फुगवलेले पॉलिप्रॉपिलीन, रबरासारखे दबून पूर्ववत होते आणि आपटी सर्वांत चांगली सोसते, पण ते लवचीक असल्याने त्यात ताठपणासाठी कार्बनच्या काड्या घालाव्या लागतात. दोन्ही बाजूंनी कागद लावलेला ५ मिलिमीटरचा फोमबोर्ड हा नवशिक्याला सर्वांत सोयीचा, कारण कागदामुळे तो ताठ राहतो आणि एका बाजूचा कागद कापून दुमडता येतो. अडचण अशी की नाम-फलक बनवणाऱ्यांच्या दुकानात मिळणारा पीव्हीसीचा तक्ता दिसायला तसाच असतो आणि त्याचे वजन कित्येक पट असते. यावर साधा उपाय म्हणजे २० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवून पाहणे. तो ३० ग्रॅमच्या आसपास भरला तर घ्यावा. दोनशे-अडीचशे ग्रॅम भरला तर तो पीव्हीसी होय, आणि त्याचा फलक उत्तम होईल, विमान होणार नाही.

कापण्यापूर्वी सर्व भागांचे साचे जाड पुठ्ठ्यावर काढून कापून घ्यावेत आणि त्यांवरून फोमवर खुणा कराव्यात. पाते नवे असावे, कारण बोथट पाते फोम कापत नाही, फाडते. लोखंडी पट्टीच्या आधाराने पाते तिरपे धरून हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवले की कड स्वच्छ येते. पंखाच्या छेदाविषयी नवशिक्याला उगाच धास्ती असते. इतक्या लहान आणि मंद विमानाला पायरीचा पंख पुरेसा होतो: २०० मिलिमीटर रुंदीच्या तक्त्यावर पुढच्या कडेला जुळवून १०० मिलिमीटर रुंदीची दुसरी पट्टी चिकटवली की वरच्या बाजूस जीवेच्या मध्यावर एक पायरी तयार होते. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन या अमेरिकनांनी १९७० च्या दशकात या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि तिचा उगम क्लाइनच्या कागदी विमानात होता. मोठ्या विमानांना तिचा लाभ झाला नाही, पण फोमच्या छांदिष्टांनी ती उचलली, कारण दोन सपाट तक्ते चिकटवण्याइतके सोपे काम दुसरे नाही आणि दुहेरी जाडीमुळे पंखही ताठ होतो. दोन तक्त्यांच्या मध्ये पतंगाला वापरतात तशी बांबूची कामटी किंवा ४ मिलिमीटरची कार्बनची नळी आडवी बसवली म्हणजे पंख मध्यावर मोडण्याचे भय उरत नाही. पंखाची दोन्ही टोके मध्यापेक्षा सुमारे २५ मिलिमीटर उंच ठेवावीत. या उचलीमुळे एका बाजूला कललेले विमान आपोआप सरळ होऊ पाहते.

शेपटीचे महत्त्व सर्वप्रथम ज्यांनी नीट ओळखले त्यांत अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाचे नाव घ्यावे लागते. त्याने १८७१ मध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे लहानसे विमान उडवले आणि ते सुमारे ११ सेकंदांत ४० मीटर गेले; त्या विमानाच्या मागे पंखापेक्षा किंचित खालच्या कोनात बसवलेले आडवे पुच्छ होते आणि त्यामुळेच कोणी न सावरता ते सरळ गेले. आजही तेच तत्त्व लागू पडते. येथे घेतलेल्या विमानासाठी आडवे पुच्छ पंखाच्या एक पंचमांश, म्हणजे ४०० बाय १०० मिलिमीटर, ठेवावे, उभे पुच्छ त्याच्या जवळजवळ निम्मे, आणि दोन्ही पुच्छे गुरुत्वमध्यापासून सुमारे ४५० मिलिमीटर मागे असावीत. पंखाची पुढची कडा पुच्छाच्या तुलनेत दोन अंश वर असावी. धड म्हणजे ६५ मिलिमीटर रुंदीची आयताकृती पेटी. पंख तिच्या डोक्यावर ठेवून रबरबँडांनी बांधावा, खिळवू नये, कारण आपटीच्या वेळी रबर ताणले जाऊन पंख सुटतो आणि मोडत नाही.

गुरुत्वमध्य म्हणजे ज्या बिंदूवर टेकवले असता विमान आडवे तोलले जाते तो बिंदू. सरळ पंखाच्या विमानात तो जीवेच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे येथे पंखाच्या पुढच्या कडेपासून ५० ते ६० मिलिमीटर मागे, यावा. तपासण्यासाठी पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या जागी एकेक बोट लावून, बॅटरी आत असताना, विमान उचलावे. नाक किंचित खाली झुकले तर ठीक, शेपटी खाली गेली तर त्या अवस्थेत विमान कदापि उडवू नये. गुरुत्वमध्य फार पुढे असलेले विमान जडपणे का होईना उडते आणि हाताळता येते, पण फार मागे असलेले विमान नाक वर करून स्टॉल होते आणि त्याला सावरण्यास माणसाचा हात पुरा पडत नाही. शेपटीकडील प्रत्येक ग्रॅम इतका महाग का पडतो हेही यातून उलगडते. पुच्छ ४५० मिलिमीटर मागे आणि बॅटरी १५० मिलिमीटर पुढे असेल तर पुच्छावर सांडलेल्या १० ग्रॅम गोंदाचा तोल सांभाळण्यास नाकात ३० ग्रॅम घालावे लागतात, आणि विमान एकूण ४० ग्रॅमने जड होते. पुच्छावर नक्षी, जाड टेप किंवा रंगाचे दोन हात देण्याची हौस ज्याला आवरत नाही त्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

चिकटवण्याच्या पदार्थांत चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. फेविक्विकसारखे झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट उघड्या पॉलिस्टायरीनला अक्षरशः खाऊन टाकते आणि सांध्याच्या जागी खड्डा पडतो. बाजारातील फवाऱ्याच्या डब्यातील तेलरंगही तेच करतो. ग्लू गनने वितळवलेला गोंद पातळ थरात लावल्यास चालतो, मोटरच्या पाटीसाठी ॲरल्डाइटसारखा दोन भागांचा इपॉक्सी घ्यावा, आणि तक्ते एकमेकांवर चिकटवताना पांढरा फेविकॉल अगदी पातळ पसरून रात्रभर दाबून ठेवला तरी पुरते. रंगवायचेच असेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत, पण रंगापेक्षा रंगीत टेपच्या दोन पट्ट्या अधिक कामाच्या असतात: वरची बाजू उजळ, खालची गडद, आणि उजव्या-डाव्या पंखांवर वेगळ्या खुणा, म्हणजे शंभर मीटरवर गेलेले विमान येत आहे की जात आहे हे डोळ्यांना कळते. कोकणात आणि गोव्यात, तसेच पावसाळ्यात सर्वत्र, फोमबोर्डचा कागद दमट हवेने सुटतो. तेथे सर्व उघड्या कडा पातळ टेपने बंद कराव्यात.

यंत्रसामग्रीबाबत थोडक्यात सांगता येते, कारण या आकाराच्या विमानाचा संच आता जवळजवळ ठरून गेला आहे. ‘२२१२’ या मापाची, १००० केव्हीची ब्रशलेस मोटर घ्यावी. येथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, तर भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. तिला १० बाय ४.५ चा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, बसतो; त्यातील पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकेल त्या अंतराचा, आणि दोन्ही इंचांत. मोटरला मिळणारा प्रवाह कमी-जास्त करणारे यंत्र ईएससी या नावाने मिळते. ते ३० अँपिअरचे असावे. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील कललेपणा बदलणाऱ्या झडपा, एलिव्हेटर म्हणजे आडव्या पुच्छावरील नाक वर-खाली करणारी झडप, आणि रडर म्हणजे उभ्या पुच्छावरील सुकाणू. यांना हलवण्यासाठी प्रत्येकी ९ ग्रॅमचे चार सर्वो, म्हणजे आज्ञेप्रमाणे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी, लागतात. सर्वो आणि झडप यांना जोडणारी तार म्हणून सायकलच्या चाकातील आरा चालतो, आणि झडपेवरील शिंगासाठी, म्हणजे तार अडकवण्याच्या तुकड्यासाठी, मुदत संपलेले बँकेचे कार्ड कापून घेतले तरी होते. मोटर दोन-तीन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे वळवून बसवावी, अन्यथा वेग वाढवताच विमान नाक वर करून डावीकडे ओढ घेते.

बॅटरी मात्र सावधगिरीने हाताळण्याची वस्तू आहे. तीन घटांची, ११.१ व्होल्टची, १३०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी सुमारे ११० ग्रॅमची असते आणि मध्यम वेगाने सात-आठ मिनिटे पुरते; ट्रान्समीटरवर सहा मिनिटांचा गजर लावावा. प्रत्येक घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि उड्डाणानंतर तो ३.५ व्होल्टच्या खाली गेलेला आढळल्यास उड्डाणाची वेळ कमी करावी. चार्जिंग घटांचा समतोल राखणाऱ्या चार्जरवरच, १.३ अँपिअरने आणि माणूस जागेवर असतानाच करावे. फुगलेली किंवा आपटीत चेपलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, कारण ती पेट घेऊ शकते. आठवडाभर उडवायचे नसल्यास प्रत्येक घट ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. वैशाखातल्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली बॅटरीही धोक्याची आणि विमानही. पंखाला पीळ पडतो तो सहज नजरेस येत नाही, आणि पिळलेला पंख सरळ उडत नाही.

टेबलावर जुळवाजुळव करताना प्रॉपेलर काढून ठेवावा, कारण दहा इंचांचा पंखा बोट कापू शकतो. आधी ट्रान्समीटर सुरू करावा आणि मग विमानात बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम उलटा. विमानाच्या मागे उभे राहून ट्रान्समीटरची उजवी दांडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर उठला पाहिजे, आणि दांडी स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर उठला पाहिजे. ही तपासणी प्रत्येक उड्डाणापूर्वी करावी, कारण उलट जोडलेली झडप ही पहिल्या उड्डाणातील अपघाताच्या अत्यंत सामान्य आणि अत्यंत टाळण्याजोग्या कारणांपैकी एक आहे. संदेश तुटल्यास मोटर आपोआप थांबेल अशी मांडणी रिसीव्हरमध्ये, म्हणजे विमानातील संदेश घेणाऱ्या यंत्रात, आधीच करून ठेवावी.

उडवण्याचे शिक्षण संगणकावरील सिम्युलेटरने सुरू करणे शहाणपणाचे, कारण हातांना जी गोष्ट शिकायची असते ती वाचून येत नाही. विमान दूर जात असताना उजवे ते उजवे असते, पण ते समोरून येऊ लागले की डावे-उजवे उलटते आणि नवशिक्या घाबरून नेमका विरुद्ध हात देतो. यासाठी एक खूण उपयोगी पडते: येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला दांडी ढकलावी, जणू त्या पंखाखाली टेकू लावावा. दुसरी फसगत वाऱ्याची असते. वारा ताशी १५ किलोमीटरचा असेल तर वाऱ्याच्या दिशेने जाणारे विमान जमिनीच्या तुलनेत वेगवान दिसते, म्हणून चालक मोटर कमी करतो. परंतु पंखाला जमिनीचा वेग ठाऊक नसतो, त्याला फक्त हवेचा वेग लागतो, आणि कमी उंचीवर वळण घेताना विमान स्टॉल होऊन पडते. म्हणून उड्डाण आणि अवतरण नेहमी वाऱ्याला तोंड देऊन करावे, आणि पहिली काही वळणे कमीत कमी तीस मीटर उंचीवर घ्यावीत.

महाराष्ट्रातील देशावर सकाळी सूर्योदयानंतरचा तास-दीड तास सर्वांत शांत असतो. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवेचे ऊर्ध्व प्रवाह उठतात, आणि त्याच प्रवाहांवर घिरट्या घालणाऱ्या घारी कधी कधी विमानावर झेपावतातही. मैदानापेक्षा माळरान बरे. काढणी झालेले ज्वारीचे शेत दुरून मऊ दिसते, पण त्यातील धसकटे फोमच्या पोटाला आरपार चिरतात. संक्रांतीच्या आसपास मांजाचा धोका असतो, आणि पॅराग्लायडिंग चालते त्या डोंगरकडांजवळ तर विमान नेऊच नये, कारण तेथे पणाला लागतो तो माणसाचा जीव.

कायद्याची बाजू अनेकांना ठाऊक नसते. भारतात २०२१ चे ड्रोन नियम दुरून चालवल्या जाणाऱ्या अशा विमानांनाही लागू आहेत, केवळ चार पंख्यांच्या ड्रोनला नव्हेत. देशाचे आकाश त्यांत हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटलेले असून, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा विभाग केवळ २०० फुटांपर्यंत असतो. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. लोहगाव आणि सांताक्रूझ येथील विमानतळ ध्यानात घेता पुणे व मुंबईचा बराच मोठा भाग या वर्तुळांत येतो, आणि मुंबईत पोलीसही वेळोवेळी अशा उड्डाणांवर बंदीचे आदेश काढतात. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी अधिकृत नकाशा पाहावा, स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करावी, आणि शक्य असेल तेथे जाणत्या मंडळींच्या गटाबरोबर किंवा एनसीसीच्या हवाई शाखेसारख्या, विमानप्रतिकृतींचे शिक्षण देणाऱ्या व्यवस्थेतून सुरुवात करावी.

पहिल्या विमानासाठी दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाची प्रतिकृती निवडण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि तो आवरावा. खाली बसवलेला, टोकाकडे निमुळता होणारा पंख दिसतो देखणा, पण स्टॉल होताना टोकाकडून सुरुवात करतो आणि विमान एका अंगावर उलटते. वर बसवलेल्या आयताकृती पंखाचे कुरूप विमान चुका पोटात घालते. तेही केव्हातरी पडेलच. तेव्हा मोटर, सर्वो, रिसीव्हर आणि तारा सोडवून घ्याव्यात, चेपलेली मोटर-पाटी बदलावी, आणि नवे धड त्याच पुठ्ठ्याच्या साच्यांवरून एका संध्याकाळी कापून घ्यावे. यासाठी पहिले विमान उडाल्यावर साचे फेकून देऊ नयेत, त्यांवर प्रत्येक भागाचे प्रत्यक्ष भरलेले वजन पेन्सिलने लिहून ठेवावे.